निळ्या गाडीचा टॉवेल

टॉवेलाच्या कडेला शिवलेली ती पांढरी चिठ्ठी — नखाएवढी, धुऊन धुऊन अक्षरं उडालेली, पण दोन्ही कोपरे अजून ताठ — शालिग्रामने उजव्या अंगठ्याखाली धरली होती. म्हणजे धरलेली दिसत होती, कारण अंगठा चिठ्ठीवर आहे हे त्याला डोळ्यांमुळे कळत होतं, अंगठ्यामुळे नव्हे. अंगठा काहीच सांगत नव्हता. त्याने टॉवेल डाव्या हातात घेतला आणि तोच कोपरा डाव्या अंगठ्याने चाचपला. टोचला. म्हणजे ही चिठ्ठी आधी कापायला हवी. आणि कापली तरी तिच्यामागची शिवण राहणार, शिवणीतला नायलॉनचा दोरा राहणार, चारी बाजूंचा हा दुमडलेला कडक काठ राहणार... आणि ते सगळं त्या निळ्या रंगावरून फिरणार. नाही. हा टॉवेल नाही.

त्याने तो पलंगावर टाकला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

गाडी अंगणात उभी होती. मयुरीची. नवी, तिच्या स्वतःच्या नावावर घेतलेली, इतकी गडद निळी की सावलीत काळीच वाटावी. मयुरी गुरांची डॉक्टर. साक्रीला नेमणूक, आणि तिथून पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांना लसीकरणासाठी फिरायचं — ही गाडी घेईपर्यंत ती कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, औषधांची पेटी मांडीवर सांभाळत फिरली होती. काल संध्याकाळी ती स्वतः गाडी चालवत धुळ्यावरून जळगावला आली; हॉर्न वाजवला नाही, नुसती फाटकाशी येऊन थांबली आणि काच खाली करून हसली. मग आत येऊन, "पप्पा, ही घ्या, आधी तुमच्या हातात," असं म्हणत तिने गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. उजव्या. तिच्या लक्षात राहिलं नाही — की मुद्दाम? — आणि त्याने मूठ मिटली, तिच्याकडे बघून हसला, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात फरशीवर आवाज झाला. तिघांनीही खाली पाहिलं. किल्ली त्याच्या पायाशी पडली होती आणि त्याची मूठ अजून मिटलेलीच होती.

"राहू द्या, राहू द्या," म्हणत त्याची बायको कुंदाबाई वाकली.

राहू द्या... अर्धांगाचा झटका येऊन गेला त्या पावसाळ्यापासून या घरात हे दोन शब्द किती मऊ आवाजात बोलले जातात! चहाचा कप उचलायला गेलं की राहू द्या. दाराची कडी, शर्टाचं बटण, देवापुढची समई — राहू द्या, मी करते. पाय परत आला, बोलणंही जवळजवळ परत आलं, जरासं ओढून बोलावं लागतं इतकंच. हातही हलतो, उचलतो, मूठ मिटतो. पण त्याला कळत काही नाही. पाणी गरम की गार, कापूस की दगड, काही नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई पिशवीत वस्तू टाकतात आणि न बघता ओळखायला लावतात. खडू, ओळखला हरभरा म्हणून. हरभरा, ओळखला बटण म्हणून. "येईल, काका, वेळ लागतो," त्या म्हणतात. त्याही मऊच बोलतात.

आणि ही बोटं! वरणगावच्या कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य तपासणीत गेलं. काडतुसांची पितळी नळकांडी पट्ट्यावरून येत राहायची आणि तो एकेक उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवायचा. नजर दमते, उजेड फसवतो, पण बोट फसत नाही. डोळ्याला न दिसणारी रेघ बोटाला लागायची आणि नळकांडं बाजूला पडायचं. ही रेघ आपल्याला कशी लागते हे त्याला कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. ती लागायची. जसं ऊन लागतं, जसं कुणी आपल्याकडे बघतंय हे लागतं... आता लागत नाही.

सकाळी कुंदाबाई आणि मयुरी दोघी फुले मार्केटला गेल्या. गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही म्हणून रिक्षाने. दुपारी जेवून मयुरी निघणार होती. जाताना तिने गाडीकडे पाहिलं. साक्रीपासूनची लाल-करडी धूळ, त्यावर महामार्गाची धूळ, आणि रात्रीतून कडुनिंबावरच्या पाखरांनी टपावर आणि बॉनेटवर करून ठेवलेली घाण. "अशीच नेते आता, तिकडे जाऊन धुवेन कधीतरी," ती म्हणाली. शालिग्राम म्हणाला, "मी धुतो." आणि ती हसली, अगदी प्रेमाने, आणि म्हणाली, "राहू द्या, पप्पा."

रिक्षा वळली तशी तो उठला आणि त्याने कपाट उघडलं.

तर — कशाने पुसायची? धुणं सोपं, पाणी नळीतून येतं, पाण्याला काही कळावं लागत नाही. पण इथलं बोअरचं पाणी क्षारांचं, आणि माघ संपत आला की दहा वाजल्यापासूनच ऊन तापतं. पाणी आपोआप वाळू दिलं तर रंगावर पांढरे ठिपके बसतात, मग ते निघता निघत नाहीत. म्हणजे पुसावी लागणार, लगेच, आणि पुसताना या हाताचा भार किती पडतोय ते या हाताला कळणार नाही. डावा एकटा पुरा पडणार नाही. म्हणजे कापडावरच भरवसा ठेवायला हवा. कापड असं हवं, की ज्याच्या हातात ते आहे तो आंधळा असला तरी त्याने दुखवू नये.

त्याने कुंदाबाईची जुनी सुती साडी काढली. ती गालाला लावली — हे त्याला अचानक सुचलं. बोट नाही तर गाल आहे ना! उजव्या गालाचं अजून नक्की नव्हतं, पण डावा गाल शाबूत होता. साडी मऊ होती, सायीसारखी. पण ती पेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहिली तर पाणी तिच्यात शिरेचना, नुसतं इकडून तिकडे सरकलं. मोटारसायकलचं पिवळं फडकं दारामागे होतं. ते त्याने झटकलं आणि उन्हाच्या तिरिपेत धुळीचा एक लोट उठला. त्याला धनसिंगची आठवण झाली. धनसिंग, शिरपूरकडचा, तपासणीत त्याच्या आधीपासून असलेला, पान खाऊन बोलणारा, शालिग्राम नवा असताना त्याच्या हातातलं फडकं काढून घेऊन तो म्हणाला होता, "कापड रेघ काढत नसतं, भाऊ. कापडात लपलेला कण रेघ काढतो. कापडाला दोष देऊ नको, त्याच्या पोटात काय आहे ते बघ."

पोटात काय आहे... या टॉवेलाच्या पोटात, इतकी वर्षं इथल्या खाऱ्या पाण्यात धुतलेल्या, उन्हात पापडासारख्या वाळलेल्या टॉवेलाच्या पोटात काय काय असेल! घरात एकही कापड कामाचं नव्हतं. मग? मग राहू द्या.

शालिग्राम पलंगावर बसला. आणि बसल्यावर त्याला स्वतःचाच राग आला, जुना, ओळखीचा, कारखान्यातला राग — कुणी घाईने माल पुढे ढकलला की यायचा तो. किती दिवसांनी आला. मी बसलो कसा? कोणी सांगितलं बसायला? इथे तर कुणीच नाही, मलाच मी राहू द्या म्हणालो... त्याने चपला घातल्या — उजवी नीट बसलीय की नाही ते वाकून बघितलं — दाराला कडी लावली, डाव्या हाताने, आणि रस्त्यावर आला.

रस्ता मोठा नव्हता. पण झटक्यानंतर तो एकट्याने कधी ओलांडला नव्हता. केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक गेला, पाठोपाठ दुसरा, मग शाळेची व्हॅन. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीकडून उडत आलेला कापसाचा पुंजका रस्त्याच्या कडेने गडगडत होता. तो थांबला, दोन्हीकडे पाहिलं, आणि चालू लागला. मध्यावर असताना त्याला वाटलं, उजवा पाय मागे राहिला. राहिला नव्हता. तो पलीकडे पोचला तेव्हा त्याचं अंग घामाने भिजलं होतं, आणि आत कुठेतरी हसू फुटत होतं, जे कुणाला दाखवायचं नव्हतं.

बन्सीलालचं दुकान गाड्यांच्या सामानाचं. सीट कव्हरं, आरसे, सुगंधाच्या बाटल्या, लोंबणारी लिंबू-मिरची. बन्सीलालने त्याला बघून एकदम स्टूल पुढे केलं आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काका! बसा! काय पाहिजे? घरून कुणाला पाठवलं असतं ना!"

"ऐकू येतं मला," शालिग्राम म्हणाला. "गाडी पुसायला टॉवेल दाखव."

बन्सीलाल ओशाळला. त्याने पिवळं चामड्यासारखं दिसणारं एक कापड काढलं, डब्यात गुंडाळून ठेवलेलं. "हे सगळे नेतात. पाणी एकदम ओढतं."

शालिग्रामने ते हातात घेतलं. गुळगुळीत होतं, रबरासारखं. पाणी ओढेल, खरंच. पण त्याला लव नव्हती. धुऊनही एखादा कण गाडीवर राहिलाच तर त्याने जायचं कुठे? या कापडाखालीच तो फरफटणार. त्याने मान हलवली. मग बन्सीलालने पातळ, रंगीत, गठ्ठ्याने मिळणारी फडकी दाखवली. त्यातलं एक शालिग्रामने उलगडलं, काठ पाहिला — काठाला जाड टीप होती — आणि बाजूला ठेवलं. ठेवताना त्याच्या ध्यानात आलं की आपण ते डावीकडे ठेवलं. कारखान्यात नाकारलेला माल डावीकडेच ठेवायचा.

"काका, फडकंच तर आहे. एवढं काय बघताय त्याच्यात?"

"मुलीची गाडी आहे."

"अस्सं." बन्सीलालने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. "हा मायक्रोफायबरचा, जाड. कोणी घेत नाही इथे जास्त."

राखाडी टॉवेल. मोठा, दोन हात पसरावे इतका. मांजरीच्या पोटासारखी दाट, लांब लव. शालिग्रामने काठ पाहिला: टीप नव्हती, लवेच्याच मऊ कापडाची पट्टी काठावरून आत वळवलेली होती. चिठ्ठी होती, पण शिवलेली नव्हे, नुसती चिकटवलेली. त्याने ती सोलून काढली. मग त्याने उजवा हात लवेत घातला. बोटं दिसेनाशी झाली. काहीच नाही... धुक्यात हात घालावा तसं. त्याने तो टॉवेल उचलून गालाला लावला, मग ओठांना, डोळे मिटून, अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते बघत होतं. बघू दे. ओठाला कुठेही काही लागलं नाही. एकदा काहीतरी लागलं — तो थांबला, परत मागे गेला — कसलासा बारीक दोरा होता. त्याने तो दातांनी उचलून काढला. पुढे काही नाही. कण आला तर या लवेत खोल जाऊन बसेल, रंगापासून दूर. हाताचा भार पडला तर लव आधी दबेल.

"हा," तो म्हणाला.

बन्सीलालने पाकीट परत बंद करायला हात पुढे केला, तर शालिग्रामने टॉवेल तसाच छातीशी धरला. "पाकीट नको. पाकिटाला धूळ आहे."

बन्सीलाल हसला, या वेळी मोकळं. "तुम्ही होते काय आधी, काका? जज्ज?"

"तसंच काहीतरी," शालिग्राम म्हणाला.

परत रस्ता ओलांडताना त्याने पायाचा विचारच केला नाही हे त्याला फाटकाशी आल्यावर समजलं.

घराची सावली गाडीवर होती, पण ती सरकत होती. त्याने नळी लावली. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ आपणहून सुटून वाहून जाईपर्यंत. पाखरांच्या घाणीवर ओलं फडकं ठेवून ती फुगू दिली आणि पाण्यानेच ढकलली. घाई करावीशी वाटत होती, पण घाई करायची नाही. मग साबणाचं पाणी, परत नुसतं पाणी. लाल ओघळ अंगणभर पसरले, त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला, आणि धुळीखालून ती निळाई बाहेर येऊ लागली — अशी निळी! त्याला वाटलं होतं काळीच आहे.

आणि आता टॉवेल.

त्याने तो टपावर अंथरला. घासायचं नाही, हे त्याने दुकानातून येतानाच ठरवलं होतं. घासलं की हाताचा भार आला, आणि भाराचं आपल्याला कळत नाही. अंथरायचा, पाणी पिऊ द्यायचं, आणि दोन कोपरे दोन हातांत धरून आपल्याकडे ओढून घ्यायचा, त्याच्या स्वतःच्या वजनाने. डावा कोपरा डाव्या हातात. उजवा... उजव्या हाताकडे बघायचं, बोटं मिटली का ते डोळ्यांनी तपासायचं, मग ओढायचं. पहिल्यांदा ओढलं. टॉवेलाच्या मागे एक कोरडा, चकचकीत पट्टा उघडा पडला, त्यात कडुनिंब दिसला, आकाश दिसलं. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्या वेळी नजर त्या आकाशावरच राहिली, उजव्या हातावर राहिली नाही — आणि कोपरा सुटला, टॉवेल घसरला आणि त्याचं एक टोक जमिनीवर, लाल चिखलात, टेकलं.

शालिग्राम तसाच उभा राहिला.

बघा. शेवटी पडलाच. किल्ली पडली तसा. आता हे टोक... त्याने टॉवेल उचलून पाहिलं. लवेत वाळू चमकत होती. दुसऱ्या बाजूने पुसता येईल, घडी करून हे टोक आत ठेवता येईल, कुणाला कळणार नाही. पण घडी सुटली तर? आणि सावली मागे सरत चालली होती; बॉनेटच्या पुढच्या टोकावर ऊन येऊन बसलं होतं आणि तिथलं पाणी थेंबाथेंबाने आटत होतं. थोडा चालवून घे, कोणी म्हणालं. कोण म्हणालं ते त्याला ओळखता आलं, कारण पट्ट्यावर माल तुंबला की हा आवाज रोज यायचा, कधी साहेबाचा, कधी स्वतःच्याच दमलेल्या खांद्यांचा; आणि त्याने या आवाजाचं तेव्हाही कधी ऐकलं नव्हतं. त्याने आधी नळी घेऊन बॉनेटवर परत पाणी सोडलं — भीज, भीज अजून थोडी, आटू नकोस — आणि मग टॉवेल नळाखाली धरला. लव उलटीसुलटी करून, वाळूचा शेवटचा कण जाईपर्यंत. ओठाला लावून पाहिलं. परत धुतला. परत लावला. स्वच्छ.

पण पिळायचा कसा? पिळायला दोन हात लागतात, दोन जाणते हात. त्याने टॉवेल नळाच्या तोटीभोवती घातला, दोन्ही टोकं एकत्र डाव्या मुठीत धरली आणि पीळ देत गेला, उजवा तळवा नुसता पाचरीसारखा मध्ये घालून. पाणी धो धो गळलं. त्याला मोठ्याने हसू आलं. म्हणजे असंही पिळता येतं! आणि मग टपावर तो अंथरला तर दिसलं, की दमट टॉवेल कोरड्यापेक्षा जास्त पाणी पितो. मघाशी तो पाण्यावर तरंगत होता. आता गाडीला अंगभर टेकला आणि पाणी उचलून घेऊ लागला. पडला नसता तर हे कळलंच नसतं.

मग तो थांबला नाही. टप. काचा. बॉनेट, उन्हाच्या पुढे पुढे, ऊन एक वीत आलं की तो दोन वीत पुढे. उजव्या हाताकडे बघ, मीट, ओढ. बघ, मीट, ओढ. दम लागत होता, खांदा भरून आला होता, आणि एका क्षणी त्याला जाणवलं की हे काम आहे. व्यायाम नाही, पिशवीतला हरभरा नाही. माल पुढे येतोय आणि मी तपासून सोडतोय. या अंगणात, या ओल्या पायजम्यात, मी कामावर आहे.

"पप्पा!"

फाटकाशी रिक्षा थांबली होती. मयुरी पिशव्या टाकून धावत आली, तिचा हात टॉवेलाकडे पुढे झाला, आणि तिच्या तोंडावर ते दोन शब्द आलेले त्याने पाहिले.

"थांब," तो म्हणाला.

आवाज ओढला गेला नाही. तो स्वतःच चकित झाला. मयुरी जागच्या जागी थांबली, लहानपणी थांबायची तशी.

"हात लावू नको. तुझ्या हाताला बाजाराची धूळ आहे. अजून एक दार राहिलंय."

"मी... मी काय करू मग?"

"बाजूला हो. तुझी सावली पडते, मला दिसत नाही."

ती बाजूला झाली. कुंदाबाई फाटकातच उभी होती, हातात मेथीची जुडी, तोंड उघडं. शालिग्रामने टॉवेल पिळला — तोटीवर, आपल्या पद्धतीने, जरा ऐटीतच — आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं दार घेतलं. वरून खाली, ओढ, ओढ. शेवटचं पाणी हँडलच्या खाचेत होतं. ते टिपायला त्याने टॉवेलाचं टोक बोटाभोवती घेतलं, उजव्या तर्जनीभोवती, आणि ते टिपून झाल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून, सवयीने, विचार न करता, माल सोडण्याआधी शेवटचं म्हणून ती उघडी तर्जनी दारावरून आडवी फिरवली.

बोट थांबलं.

हँडलच्या खाली, दोन बोटं अंतरावर. तिथे एक रेघ होती. केसाएवढी.

माझी? माझ्या टॉवेलाची? इतकं सगळं करून... मयुरी पुढे वाकली. तिने फोनची बत्ती लावून तो उजेड दारावर तिरपा धरला, मग बॉनेटवर, टपावर, सगळीकडे फिरवला, बराच वेळ, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"पप्पा, नवं कुठे काहीच नाही! शोरूममधून आणली तेव्हापासूनचे बारीक चरे आहेत तेवढेच, त्यांच्या फडक्यांचे म्हणे. ते तर जाणार नाहीत, पण तुमचा एकही नाही..." ती परत दाराशी आली. "वेगळी ही तेवढी एक. ही माझी. पहिल्याच आठवड्यात, पाड्यावर जाताना बाभळीची फांदी घासली. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, इतकी बारीक आहे, दिसतसुद्धा नाही धड. तुम्हाला कशी दिसली?"

कशी दिसली?

दिसली का? शालिग्रामने आठवून पाहिलं. बोट थांबलं, आणि मग त्याने पाहिलं. की आधी डोळ्याने पाहिलं आणि मग बोटाला थांबवलं? त्या क्षणी तो कुठे बघत होता? दाराकडे, की कुंदाबाईच्या हातातल्या मेथीकडे... त्याने तर्जनी समोर धरली. ओली, सुरकुतलेली, नखात साबणाचा फेस. रोजचीच. आता परत ठेवून बघायचं का त्या रेघेवर, डोळे मिटून? मयुरी बघतेय. ठेवलं आणि काही नाही लागलं तर? आणि लागलं तर? त्याने बोट दुमडून घेतलं. आज नाही. आज ते थांबलं होतं, एवढं पुरे. का थांबलं ते त्याचं त्याला ठाऊक. बाकीचं उद्या बघू, परवा बघू, हरभऱ्याच्या पिशवीत हात घालताना बघू.

"दिसली," तो म्हणाला.

आणि तेव्हा कुंदाबाईला कंठ फुटला. चिडली किंवा घाबरली की ती साक्रीकडच्या, माहेरच्या अहिराणीत शिरायची; आणि आज किती तरी महिन्यांनी ती शिरली.

"हाई काय चालेल शे? तुम्हले सांगेल व्हतं ना, एकटं भाहेर जावानं नही! टॉवेल कोठून उना? दुकानमा गया व्हतात? रस्ता वलांडीसन? पडी गया व्हतात म्हंजे? आनी हाई बठ्ठं आंग वल्लं करी टाकं! औषधन्या गोया लिध्यात का नही? का त्या बी गाडीले पाज्यात?"

"आई, अगं हळू..." मयुरी म्हणाली.

"नही! आज मी बोलसू!"

शालिग्राम ओट्यावर बसला. खांदा ठणकत होता, पायजम्यातून पाणी निथळून पायरीवर ओघळत होतं, आणि कुंदाबाईचा आवाज चढत चालला होता, शेजारच्या घराची खिडकी उघडली गेली इतका. मेथीची जुडी हवेत फिरत होती. तिच्या आवाजात कुठेही मऊपणा नव्हता. त्याने कान देऊन ऐकलं — अगदी बारकाईने, एकेक शब्द फिरवून बघत — कुठेच नव्हता. आजारी माणसाला असं कुणी बोलत नाही. पूर्वी, वरणगावच्या क्वार्टरमध्ये, तो सायकल चिखलाने भरवून घरी यायचा तेव्हा ती अशीच बोलायची, आणि तो असाच पायरीवर बसून, खाली मान घालून, तिचं बोलणं संपायची वाट बघायचा. आज मात्र ते संपू नये असं त्याला वाटत होतं. ती श्वास घ्यायला थांबली.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

तिने मेथीची जुडी दुसऱ्या हातात घेतली, आणि ती दुप्पट जोराने सुरू झाली.